भिंतीपलीकडचा खोकला

अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या आमच्या घराची भिंत इतकी पातळ आहे, की मी शिंकले तरी शेजारच्या काकूंना कळतं. मुलाकडे हिवाळा काढायला पुण्याहून आलेल्या या काकू दिवसभर खिडकीत बसून कानटोप्या विणतात. माप घेत नाहीत. डोक्याकडे एकदा रोखून बघतात, बस्स. इथल्या डच डॉक्टरांवर मात्र त्यांचा राग आहे. "ऊठसूट पॅरासिटामॉल! अगं, जीभ तरी बघावी माणसाने!"

डिसेंबरात मला खरंच खोकला झाला. तासाभरात काकू मऊ भात, मेतकूट आणि तूप घेऊन दारात हजर. चार दिवसांनी खोकला गेला, पण मेतकूट-भाताची चटक काही गेली नाही. घरून काम करताना बारा वाजले की मी भिंतीकडे तोंड करून मनापासून खोकायचे, आणि भात यायचा.

काल काकूंनी डबा दिला, विणकाम काखेत धरून माझी जीभ बघितली, घसा बघितला. मी जमेल तेवढा केविलवाणा चेहरा केला.

"उद्या माझी एकादशी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "साबुदाण्याची खिचडी चालणार असेल, तर आत्ताच खोकून ठेव. रात्री भिजत घालायला बरं."