दुसऱ्याच्या फोनवरचा धंदा

एखादा निरोप एक दिवस उशिरा पोचला, तर तुमचं काय बिघडतं? पाहुणा स्टेशनवर ताटकळतो, फार तर एखादं लग्न चुकतं. आमची त्या एका दिवसात पुण्याची गिऱ्हाइकी गेली.

सक्करदऱ्याकडच्या आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग होते, फोन एकाही घरात नव्हता. आमच्या घरी तर पुस्तकंही नव्हती, पत्रकं होती. बाबा सभांमधून, मोर्च्यांमधून पत्रकं घडी घालून खिशात आणत, आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. त्यामुळे असेल, कुणी "नशीब" म्हटलं की माझं डोकं फिरतं. या गोष्टीत नशिबाचा काही संबंध नाही.

बाबा विणकरांच्या एका लहान सोसायटीचे सेक्रेटरी होते. सोसायटी काढण्याचं कारण एकच होतं: गांधीबागेच्या बाजारातल्या शेटजींना वगळून माल बाहेर विकायचा. सूत शेटजीच देत, साड्या शेटजीच घेत, आणि भाव दोन्ही वेळा तेच ठरवत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना पुण्याच्या एका दुकानाने आम्हाला पहिली सरळ ऑर्डर दिली. करवती काठाच्या साड्या, काठ हिरवा. हा माल पसंत पडला तर दर सणाला मागवू, असं पत्रात लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र गल्लीत दारोदार वाचून दाखवलं. काम उमरेडच्या मामाला दिलं. करवतीवर त्याचा हात बसलेला होता आणि त्याच्या घरी चार माग होते.

सोसायटीच्या छापील कागदावर फोन नंबर नसेल तर पुण्या-मुंबईचा दुकानदार दारात उभं करत नाही. म्हणून आम्ही नंबर छापला आणि त्याच्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरं. म्हणजे फोन दुसऱ्याचा, निरोप आमचा. तो दुसरा कोण? ज्यांच्यापासून सुटायचं होतं तेच शेटजी. शहरात बाबांच्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडे फोन नव्हताच.

"ज्याच्याशी भांडायचं त्याच्याच दुकानाचा पत्ता देता, बाबा?" मी म्हटलं.

"मंग तू आण वं फोन, पत्रक छापून!"

व्यवस्था अशी होती. निरोप आला की शेटजींचे मुनीम चिठ्ठी लिहून ठेवत, आणि आमच्याच गल्लीत राहणारा दुकानातला एक हमाल संध्याकाळी घरी येताना ती घेऊन येई.

एका बुधवारी दुपारी पुण्याहून ट्रंक कॉल आला: काठ हिरवा नको, डाळिंबी करा. हमाल त्या दिवशी मेहुणीच्या लग्नाला गेला होता. चिठ्ठी मुनीमजींच्या गादीवर पडून राहिली. गुरुवारी सकाळी बाबा आणि मी सूत आणायला गेलो तेव्हा त्यांनी ती दोन बोटांत धरून पुढे केली.

"काल काहून नाही कळवलं?" बाबांनी विचारलं.

"सेक्रेटरी साहेब, मी तुमचा पोस्टमन आहो का गा? सोसायटीले एक चपराशी ठेवा ना!"

दुकानातले सगळे हसले. बाबाही थोडं हसले, ते मला अजून सहन होत नाही.

काठाचा रंग विणता विणता बदलता येत नाही. काठ ताण्यात असतो, म्हणजे उभ्या धाग्यांत. नव्या ताण्याचा एकेक धागा मागावरच्या जुन्या टोकाला सांधला की रंग ठरला. पण मामा ताणा शुक्रवारी चढवणार होता. पत्रातली तारीख पाहून बाबांनीच तो दिवस ठरवून दिला होता. म्हणजे पूर्ण दिवस हातात होता. तेव्हा आम्ही उमरेडची बस धरायचं सोडून शहाण्या माणसांसारखे फोन करायला मोठ्या पोस्टात गेलो.

मामाच्या घरासमोर एका कंत्राटदाराकडे फोन होता. त्याचा नंबर देऊन बाबांनी कॉल बुक केला. अकराला आम्ही बाकावर बसलो. दर अर्ध्या तासाने बाबा खिडकीशी जात.

"लागून राहिला का उमरेड?"

"लागला की आवाज देतो ना काका. लाइन एक अन् बोलणारे शंभर. खाणवाल्यांचे कॉल अर्जंट, ते आधी जाते."

"आमचाही अर्जंटच आहे," मी म्हटलं.

"तसं सगळेच म्हणतात, ताई. अर्जंटचा फॉर्म भरला का?"

तो भरला नव्हता. कोळशाला घाई असते, साडीला नसते, हे तिथे फॉर्मावरूनच ठरत होतं. अडीचच्या सुमाराला त्याने खिडकीतून मान बाहेर काढली. "उमरेडची लाइनच गेली, काका. उद्या या."

मी तशीच एसटी स्टँडवर धावले. उमरेडला पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. मामाच्या घरी सगळी माणसं मागांपासून उठत होती, बोटं झटकत.

"ये वं ये, बरोबर वेळेवर आली," मामा म्हणाला. "चौथा माग आत्ताच सांधून झाला. चहा ठेवायले सांग मामीले."

"पण उद्या चढवायचा ठरला होता ना?"

"उद्या अमावास्या नाही का? अमावास्येले ताणा चढवते का कोणी विणकर? तुह्या बापाले इतकंही याद नाही?"

"जावई आता सेक्रेटरी झाले ना," मामी आतून म्हणाली. "ते इंग्रजी कॅलेंडर पाहते."

सगळे हसले. मी चिठ्ठी पुढे केली. मामाने ती दोनदा वाचली आणि मागावरच्या हिरव्या धाग्यांवरून हात फिरवला. पहिला माग त्यांनी अकरा वाजता सांधायला घेतला होता. आम्ही बाकावर बसलो ती वेळ. तेव्हा बस धरली असती तर दोन माग तरी वाचले असते.

"कापून टाका ना," मी म्हटलं.

"सूत शेटचं आहे, पोरी. हे कापलं तर दुसरं कोण देईल?"

साड्या हिरव्याच विणल्या गेल्या. पुण्याने सभ्य भाषेत नकार कळवला आणि पुन्हा पत्र आलं नाही. माल शेवटी गांधीबागेतच गेला. "पुणं पाहून आला का माल?" शेटजींनी विचारलं आणि स्वतः ठरवलेल्या दराने घेतला. मामाने त्यानंतर सोसायटीचं काम हातात धरलं नाही. वर्षभरात तो कोळशाच्या खाणीत लागला.

मी शेटजींवर पत्रक लिहायला बसले. बाबांनी कागद ओढून घेतला. "त्याच्या जागी तू असती, तर रोज साऱ्या गल्लीच्या चिठ्ठ्या पोचवल्या असत्या का?" शेटजी लबाड आहेतच. पण त्या दिवशी त्यांना लबाडी करावीच लागली नाही. हमाल रजेवर गेला, तेवढ्यावर त्यांचं काम झालं. हेच मला जास्त झोंबतं.

आमच्या गल्लीजवळच्या पोस्टात एक सार्वजनिक फोन द्या, म्हणून बाबा आणि मी टेलिफोनच्या ऑफिसात गेलो. साहेबाने रजिस्टर उघडून पाहिलं. "तुमच्या भागात फोनची मागणीच नाही. कोणाचा अर्ज नाही."

"घरी फोन घ्यायचा अर्ज केला की डिपॉझिट लागते, साहेब," बाबा म्हणाले.

"मग मागणी नाही असंच झालं ना?"

म्हणजे ज्याच्याजवळ डिपॉझिट नाही, त्याला कुणाशी बोलायचंच नसतं! आमची मागणी त्या रजिस्टरमध्ये कधीच दिसणार नाही. ती मुनीमांच्या गाद्यांवर, डॉक्टरांच्या टेबलांवर, कंत्राटदारांच्या ओसरीवर चिठ्ठ्या होऊन पडलेली आहे. ज्यांच्या घरी फोन आहे, त्यांनाच ती दिसते.

म्हणून त्यांना सांगते. पुढचे आठ दिवस तुमच्या फोनवर दुसऱ्यासाठी आलेला प्रत्येक निरोप एका कागदावर लिहा: कोणत्या गल्लीचा, कधी आला, त्या माणसाला कधी मिळाला. खाली सही करा, आणि तो कागद स्वतः टेलिफोनच्या ऑफिसात नेऊन त्या साहेबाच्या हातात द्या.