आत्याचं मत, घरपोच

सरूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बजाजनगरच्या घरी दाढी करत होतो. "झोपेतच गेल्या," गावाकडून वहिनी म्हणाली. अर्धी दाढी तशीच ठेवून मी करमाडला निघालो. वाटभर दुःखापेक्षा लाजच जास्त वाटत होती... महिना उलटला, ती लाज अजून गेलेली नाही.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्या, अठ्ठेचाळीस सालची आत्या. लहानपणीच पोलिओनं पाय गेला, लग्न झालं नाही, ती भावाच्याच, म्हणजे आमच्या करमाडच्या घरी राहिली. लग्नकार्याला तिला न्यायचं नाही, 'उगाच तिला त्रास' असं आम्हीच ठरवून टाकायचो. मतदानाला मात्र ती कुणाचं ऐकायची नाही. आधी बैलगाडीतून, मग माझ्या मोटारसायकलवर, शेवटी रिक्षातून ती शाळेत जायची. मला वाटायचं, म्हातारीला राजकारणाचं वेड. पण शाळेच्या ओसरीवर जनाबाई यायची. डोंगराकडच्या धनगर वस्तीवरची. तिच्या बापाची मेंढरं आमच्या रानात बसायची, तेव्हापासूनची ही जोडी. आता तिचेही गुडघे गेलेले, गावात येणं निवडणुकीपुरतंच. मत देऊन दोघी तिथं बसून राहायच्या आणि मी घाई केली की आत्या डाफरायची, "मत दिलंय, आता बोलू बी दे की."

गेल्या निवडणुकीला अपंगांना घरून मत देता येतं हे कळलं आणि मी हुरळलो. धावपळ करून अर्ज दिला. खरं तर मला मतदानाच्या सुट्टीत करमाडची खेप नको होती. मतदानाच्या काही दिवस आधी सरकारी माणसं घरी आली, पुठ्ठ्याचा आडोसा केला, आत्यानं कागदावर खूण करून तो लिफाफ्यात घातला. वहिनीनं पाठवलेला फोटो मी कौतुकानं कंपनीत सगळ्यांना दाखवला. फोनवर आत्या म्हणाली, "म्हंजी आता शाळंत जायचं नाय व्हय?"

"गरजच नाही. घरपोच सोय केली तुझी."

"बरं," ती म्हणाली.

नुसतं जनाबाईला भेटायला ने, असं म्हणणं तिला जमलं नसावं. आयुष्यभर आमच्यावर भार नको म्हणून जगलेली बाई ती. मत हे तिचं हक्काचं निमित्त होतं, तेवढं मी काढून घेतलं. मतदानाच्या दिवशी ती इरकली लुगडं नेसून दिवसभर दारात बसली होती, असं वहिनीनं सांगितलं तेव्हा मी चक्क हसलो होतो; त्याचा अर्थ ती गेल्यावर, करमाडच्या वाटेवर लागला.

तेराव्याला जनाबाईला तिच्या लेकानं आणलं. आत्याच्या बाजेवर बसून ती उशीवरून हात फिरवत राहिली. मी पाणी दिलं, ते तिनं तसंच हातात धरलं.

"मतदानाला आली नाय तवाच म्या वळखलं, सरू गेली," ती म्हणाली. "इचारायचा धीर नाय झाला. घरीच रडून घेतलं म्या. आन् आता ही खबर आली... तवर जित्ती व्हती व्हय रं ती?"

ती बाज अजून तिथंच आहे. करमाडला गेलो की मी जमिनीवर बसतो.