तीन नंबरला नऊ मतं

मतमोजणी म्हटली की लोकांना वाटतं दिवसभराचं काम. छे! आमच्या वॉर्डाची मोजणी चहा गार व्हायच्या आत संपली होती. सील तोडलं, बटण दाबलं, यंत्र बीप बीप करत आकडे दाखवत गेलं, एक सर वाचत गेले, दुसरे लिहीत गेले, खलास. महिनाभर दारोदार फिरून पायांचे तुकडे पडले होते आणि निकाल हा असा, शिंक आल्यासारखा.

उभी होती माझी थोरली जाऊ. मी तिला ताई म्हणते. आमचं गाव पोशीरच्या पुढे, सगळी भातशेतीवाली घरं, आणि आता प्रत्येक घरातला एकजण तरी कर्जत-नेरळला नोकरीला. मी स्वतः नेरळला एका मेडिकलच्या दुकानात बसते. आमच्या वॉर्डातल्या दोन जागा रिकाम्या होऊन पोटनिवडणूक लागली आणि त्यातली दुसरी जागा बाईसाठी राखीव निघाली. मग काय, रात्रीच्या जेवणाला बसल्या बसल्या भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, ठरवूनच टाकलं. "हिला उभी करू. काय, सह्या तं करायच्या. बाकीचं मी बघतो."

ताई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी गोठ्यामागं मला गाठलं आणि म्हणाली, "उभी राहते गं मी. पण सह्या करायला नाय. मला ती वाट उघडायचीय."

ती वाट म्हणजे नदीवर जायची वाट. आमच्या सासूच्याही आधीपासून बायका त्या वाटेनं धुणं घेऊन जायच्या. दोन वर्षांपूर्वी तिथली जमीन मुंबईच्या एका शेठनं घेतली, फार्महाऊस बांधलं, वाटेवर लोखंडी गेट ठोकलं आणि वॉचमन बसवला. तेव्हापासून ओलं धुणं डोक्यावर घेऊन आम्ही बांधाबांधानं लांबचा वळसा घालतो. ताई तर एकदा पाय घसरून आपटली, कंबर धरून आठवडाभर पडून होती. पंचायतीत सांगितलं की "बघू, बघू." पुरुषांना काय, त्यांना कुठं धुणं धुवायचंय! पाच सदस्यांपैकी एकानंही त्या गेटला हात लावून बघितला नव्हता. एकट्या ताईच्या डोक्यात ते गेट रुतून बसलं होतं, आणि निवडून आली नाही तर ते कायमचं बंद राहणार हे आम्हा दोघींना स्वच्छ दिसत होतं.

मोजणीला कर्जतला आत जायला उमेदवार आणि दोन माणसं, एवढेच पास. एक भावजींचा. दुसरा त्यांच्या चुलतभावाला द्यायचा असं ठरलं होतं. मी म्हटलं, मी जाणार.

"तुझं काय काम तिथं?" भावजी म्हणाले.

"तुमचं काय काम? मतं ताईला पडलीत."

माझा नवरा ताटात बघत राहिला, त्याला ठाऊक आहे माझी जीभ. पण पास मला मिळाला.

हॉलमध्ये मधोमध टेबलं आणि त्यांच्याभोवती जाळी. जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मोजणारे. मोबाईल बाहेर ठेवायला लावले होते. माईकवरून एकेका गावाचं नाव पुकारायचे, त्या गावाची माणसं धावत जाळीपाशी, पाच-दहा मिनिटांत हसत नाहीतर तोंड पाडून बाहेर, की पुढचं गाव. साहेबांना घाई, पोलिसांना घाई, बाहेर टेंपोवर डीजे लावून उभे असलेल्यांना तर विचारूच नका. आमच्या बाजूचा टेंपो होता, समोरच्या बाईच्या पार्टीचाही होता. दोन्हीकडे गुलालाची पोती तयार.

आमचं गाव पुकारलं. भावजींनी खिशातून नमुना मतपत्रिका काढली. ही आम्हीच छापून घरोघर वाटलेली, चिन्ह कुठं आहे ते म्हाताऱ्या माणसांना कळावं म्हणून. तिच्यावर वर पहिल्या जागेचे दोन उमेदवार, खाली दुसऱ्या जागेच्या दोघी, पहिली आमची ताई. एक, दोन, तीन, चार. ताई तीन नंबर. यंत्र नावं दाखवत नाही, नुसता नंबर आणि मतं, म्हणून भावजी बोट ठेवून तयार राहिले.

"क्रमांक एक," सर भराभर वाचायला लागले. एकचा आकडा आला, दोनचा आला. दोघांत बरीच चुरस होती, जाळीपाशी आरडाओरडा झाला. तेवढ्यात, "क्रमांक तीन, नऊ."

नऊ!

"क्रमांक चार, दोनशे चौदा."

पुढचं कोणी ऐकलंच नाही. समोरच्या बाईचा दीर आमच्या शेजारीच उभा होता, त्याच्याही हातात त्यांच्या पार्टीनं छापलेली तसलीच पत्रिका. त्यानं अशी आरोळी ठोकली की माझ्या कानाला दडे बसले. आणि भावजी? भावजी खिडकीकडं गेले आणि बाहेरच्या आपल्या माणसांना हातानं खूण केली, गेलं, संपलं, निघा. बाहेर समोरच्या पार्टीच्या टेंपोवर डीजे सुरू झाला. खिडकीतून दिसत होतं, त्यांची उमेदवार बिचारी झाडाखाली उभी होती, आत यायला घाबरलेली, तिला चौघींनी डोक्यापासून पायापर्यंत लाल करून टाकलं.

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नऊच गं?" एवढंच म्हणाली. हरणं वेगळं. पण नऊ? महिनाभर ज्यांच्या घरी चहा प्यायलो, ज्यांच्या पोरांना मी दुकानातनं औषध पोचवलं, त्यांतल्या कुणीच नाही?

मग माझं टाळकं फिरलं. भावजी परत आले तसं मी त्यांना धरलं.

"भावजी, आपल्या घरात मतं किती?"

"आता जाऊ दे ना गं. चल घरी."

"किती ते सांगा! आपली पाच, शेजारच्या काकांची चार, खालच्या आळीतल्या आपल्या भावकीची सहा. झाली ना नवाच्या वर? का तुमीच दिलं नाय मत तुमच्या बायकोला?"

ते लालबुंद झाले. "मी दिलं!"

"मग नऊ कशी मानलीत तुमी?"

खरं सांगते, मला राग समोरच्या पार्टीचा नव्हताच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली ह्या माणसाच्या, आणि आपल्या बायकोला अख्ख्या वॉर्डात नऊ मतं पडली हे त्याला एका क्षणात पटलं. कुणी म्हटलं असतं बैल आजारी आहे, तर दहा वेळा खात्री केली असती.

मी जाळीला जाऊन उभी राहिले. "सर, परत दाखवा."

"बाई, झालं तुमचं. पुढचं गाव येऊ द्या."

"येऊ द्या की. आमचं परत दाखवल्यावर."

मागून पुढच्या गावची माणसं ढकलायला लागली. एकजण म्हणाला, "ओ ताई, हरल्यावर असंच होतं, पाणी प्या." मी म्हटलं, "तू पी, तुझं गाव यायचंय अजून." आणि जाळी घट्ट धरून ठेवली. हवालदारीण आली, तिलाही सांगितलं, मी भांडत नाहीय, मी फक्त हलत नाहीय.

तिथं उभी असताना मनात मघाचे आकडे घोळत होते. आमच्या पत्रिकेवर उमेदवार चार. पण चार नंतरही सर वाचत होते ना? पाच म्हणाले होते. सहाही म्हणाले होते. आरोळीत बुडलं, पण म्हणाले होते. मग हे पाच नंबर आणि सहा नंबर कोण?

तेवढ्यात मोठे साहेब उठून आले. वैतागले होते, पण माणूस सरळ होता. म्हणाले, "काय शंका आहे?" मी म्हटलं, "तुमच्याकडं सहा नंबर आहेत आणि आमच्याकडं चार." त्यांनी भावजींच्या हातातली पत्रिका जाळीतून घेतली, बघितली, आणि कपाळाला हात लावला.

"अहो, यात नोटा कुठंय?"

नोटा! वरीलपैकी कोणी नाही, ते बटण. प्रत्येक जागेखाली असतंच. यंत्रात त्यालाही नंबर असतो. आणि आमच्या गावात नमुना पत्रिका छापताना कुठलीच पार्टी ते छापत नाही. कशाला लोकांना नसती वाट दाखवा! भावजींनीच प्रेसवाल्याला सांगून ती ओळ काढायला लावली होती, समोरच्यांनीही तेच केलं होतं. पहिल्या जागेखालचा नोटा तीन नंबरला. नऊ मतं त्याची. ताई चार नंबरला.

साहेबांनी यंत्र आमच्याकडं फिरवायला लावलं, परत बटण दाबलं, आणि या वेळी प्रत्येक आकड्यापुढं नाव वाचलं. क्रमांक चार, दोनशे चौदा, आमची ताई. क्रमांक पाच, एकशे अठ्ठ्याऐंशी, समोरची. ताईनं माझा दंड एवढा दाबला की दोन दिवस काळानिळा होता.

"विजयी" म्हणून माईकवर तिचं नाव घेतलं तेव्हा बाहेर आपलं एक कुत्रंही नव्हतं. टेंपो गेला, डीजे गेला, गुलाल गेला. भावजी मोबाईल घेऊन वेड्यासारखे एकेकाला परत बोलवत सुटले. आम्ही दोघी रस्त्यावर आलो आणि मिनीडोर रिक्षा पकडली. त्यात नेरळच्या बाजाराला निघालेल्या कोळणींच्या पाट्या, त्यांच्यामध्ये आमची निवडून आलेली सदस्य अंग चोरून बसली. मला हसू आवरेना.

"घरी जाऊन आधी झोप काढ," मी म्हटलं.

"घरी नाय. गेटवर उतरू," ती म्हणाली.

"अगं, अजून शपथ नाय, बैठक नाय, काय नाय. कोण ऐकणार तुझं?"

"ऐकू दे नायतर नको ऐकू दे. मी सांगितलंय बायकांना, निवडून आले की पहिलं गेट."

गेटवर गेलो. वॉचमन म्हणाला, शेठ नहीं है. ताई म्हणाली, फोन लाव. आणि गेटासमोर धुळीत मांडी घालून बसली. मीही बसले. बातमी गावात पोचली होतीच, बायका एकेक करून यायला लागल्या, कुणी धुण्याची बादली घेऊन, कुणी तशीच. सगळ्यात शेवटी आली ती ताईच्या विरोधात उभी राहिलेली. केसांत, कानांत, गळ्यात नुसता लाल रंग. ती ताईच्या शेजारी बादली आपटून बसली आणि म्हणाली, "बघतेस काय? मला बी धुवायचंय का नाय हे सगलं?" मग जे हसू फुटलं ते वॉचमनलाही थोपवता आलं नाही.

शेठचा फोन लागला. तोवर भावजीही टेंपो घेऊन पोचले होते. वॉचमननं मोबाईल ताईकडं दिला, ताईनं सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. शेठ गोड बोलत होते. अभिनंदन म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्या मिस्टरांना द्या ना फोन, मी त्यांच्याशी बोलून घेतो."

भावजींनी हात पुढे केला. सवयच ती. ताईनं त्या हाताकडं बघितलं आणि फोन दुसऱ्या हातात घेतला.

"सदस्य मी हाय. माझ्याशी बोला. ही वहिवाटीची वाट हाय, आज गेट उघडा नायतर आमी रोज इथं बसू."

शेठ म्हणाले, ठीक आहे, सध्या उघडतो, पण पुढचं बोलायला तुमच्या मिस्टरांचा नंबर आहे माझ्याकडं. होता ना. प्रचाराच्या कागदावर ताईच्या फोटोखाली नंबर भावजींचाच छापला होता.

"तो खोडा," ताई म्हणाली. "माझा लिहून घ्या." आणि तिनं आपला नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश, नवऱ्याच्या तोंडाकडं बघत. "लिहिलात? मग सांगा वॉचमनला, आणि गेट उघडा."