न उघडलेलं उत्तर

परवा संतोष घरी आला होता... ह्यांचा विद्यार्थी, आता परदेशात प्राध्यापक आहे. हे गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कोल्हापुरात आला. पोहे खाता खाता एक गोष्ट बोलून गेला, ती तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचे हे न्यूट्रिनो शोधत. फार लांबच्या ताऱ्यांत मोठी उलथापालथ होते, तिथून निघालेले कण... भिंतीतून, माणसातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात. मी मुरगूडची, सातवी पास. वाचनालयातून पुस्तकं आणून आणून एवढं समजून घेतलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे दक्षिण ध्रुवावर गेले होते. तिथं बर्फात खोल पुरलेलं यंत्र पृथ्वीच्या आरपार बघतं. फोनवर म्हणाले, "तुझ्याच डोक्यावरचं आकाश बघतोय... तुझ्या पायाखालून."

मी ते गल्लीभर सांगितलं. मग काय, दूधवाले मामा येता-जाता विचारायचे, "वैनी, घावला का वो साहेबांचा कण?" मी म्हणायचे, घावंल की, जातोय कुठं.

ह्यांच्या कामाची एक रीत होती. यंत्रातली माहिती झाकून ठेवायची. तपासायची पद्धत पक्की ठरेपर्यंत उत्तर बघायचं नाही, नाहीतर माणसाला हवं तेच दिसायला लागतं. मला ते पटायचं... कुकरची वाफ जिरल्याशिवाय आपण तरी झाकण कुठं काढतो.

सगळं ठरून उत्तर उघडायची परवानगी आली, तेव्हा ह्यांनी अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडलेली. संतोष लॅपटॉप घेऊन आला. मी म्हटलं, "आता तरी बघा की." तर म्हणाले, "एक तपासणी राहिली आहे अजून. नंतर बघू."

मी उशाशी बसून म्हणत राहिले, सापडणार, नक्की सापडणार...

हे गेले. मग संतोषनं ते उघडलं. आपल्याच हवेत तयार होणारे नेहमीचे कण होते, लांबून आलेला म्हणावा असा एकही नाही. मी मनाची समजूत घातली... बरं झालं, आशेवर गेले.

परवा संतोष म्हणाला, "काकू, तपासणी कुठलीच राहिली नव्हती."

तो लॅपटॉप घेऊन आला त्या दिवशी मी चहा टाकायला आत गेले, तेव्हा ह्यांनी त्याला जवळ बोलावलं होतं. "बहुतेक काही नसणार रे त्यात. ती एवढी आस लावून बसलीय... तिच्यासमोर नको उघडायला."

मी ताटल्या उचलून आत गेले.

म्हणजे मी बोलत होते ते त्यांना धीर यावा म्हणून, आणि ते ऐकून ते गप्प राहिले. शेवटचे ते दिवस आम्ही एकमेकांना सांभाळण्यातच घालवले.

संतोषनं समजावलं, काही न सापडणं हेही उत्तरच असतं. ते सरांच्या नावानं छापलं, त्यावरूनच पुढचं यंत्र किती मोठं लागेल ते ठरवता आलं. असेल. त्याचा मला आनंदच आहे.

पण मला कुठं तो कण हवा होता हो... माझ्यासमोर उघडलं असतं, रिकामं निघालं असतं, तर मी एवढंच म्हटलं असतं, अहो, नसू दे. चहा घ्या.

तेवढं म्हणायचं राहून गेलं.