ओंबीचा शिक्का

दोन हजार सतरा साल. मी अडुसष्ट वर्षांचा. तेव्हाची ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. तिसरीपर्यंत शिकलोय, वेडंवाकडं लिहीन, तेवढं चालवून घ्या.

जामबागेत माझं दुकान. चित्रांना चौकटी करतो, लांब जाणाऱ्या चित्रांना पेट्या करतो. चाळीस वर्षांत माझ्या पेटीत एक काच तडकली नाही — हे मी येईल त्याला ऐकवतो. आताही ऐकवलंच, बघा.

हिमायतनगरची वैदेही चित्रं काढते. मला काका म्हणते. तिची चौदा चित्रं परदेशी प्रदर्शनाला निघाली होती. सहा महिने पोरगी कस्टमच्या कागदांत बुडालेली. कोणतं चित्र नुसतं दाखवून परत आणायचं, कोणतं तिकडे विकायचं, दोन्हींचे कागद वेगळे. दाखवायला नेलेलं विकलं तर गुन्हा. प्रत्येकाचं माप, फोटो, किंमत. माझ्या बाकड्यावर बसून ती हे सगळं वाचून दाखवायची आणि मी हसायचो. एवढ्यातून तिनं माझ्यावर एकच काम टाकलं होतं. पेटीच्या लाकडाचा शिक्का.

परदेशी जाणारं लाकूड आधी भट्टीत तापवावं लागतं, आत कीड असेल तर मरावी म्हणून. मग त्यावर डाग देतात — गव्हाची ओंबी, बाजूला भट्टीचा नंबर. सिकंदराबादेला एका भट्टीवर नरसिमलू होता, माझा वीस वर्षांचा स्नेही. लकडा भेज देव दादा, म्हणाला, सबका तपाना पडता.

सबका? माझं सुद्धा? मी निवडलेल्या लाकडाला कीड?

ते मला लागलं. दुसरं काही कारण नव्हतं. वेळ होता, टेम्पोही दारात होता. मी लाकूड पाठवलंच नाही. जुन्या एका पेटीवर नरसिमलूच्या भट्टीचा डाग होता — तो बघून लोखंडी पट्टी वाकवली, घासली, तापवली आणि माझ्या पेटीवर ओंबी उठवली. नंबरासकट. हुबेहूब उठली. तुम्हाला खरं सांगू? मला तिचं कौतुक वाटलं.

वैदेहीनं विचारलं, "काका, शिक्का झाला ना?"

"झाला," म्हणालो.

बारा दिवसांनी तिचा तिकडून फोन. आवाज ओळखू येईना. पेटीच्या तळातून भुसा गळत होता. तळाला आंब्याच्या पट्ट्या होत्या, मी स्वतः ठोकून पाहिलेल्या. आत जिवंत भुंगा निघाला. भुंगा! मी फोन कानाला लावून उभा. पेटी तिकडच्या कस्टममध्ये अडकली. प्रदर्शन भरलं, संपलं. वैदेहीच्या नावाची पाटी लागलेली भिंत दहा दिवस रिकामी होती आणि ती रोज तिथं उभी राहत होती, लोक विचारतील म्हणून.

परत आल्यावर ती दुकानात आली. रडली नाही. तिचा एकही कागद चुकला नव्हता. एवढंच विचारलं, "असं कसं झालं, काका?"

तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलंही मी. आणि त्यातून काय निघालं — "नरसिमलूनं न तापवताच शिक्का मारला असेल." माझाच आवाज. मीच दचकलो. इतकं सोपं असतं का हो हे? जीभ अडखळलीसुद्धा नाही.

तिनं तक्रार केली. नंबर त्याच भट्टीचा, भट्टीच्या वहीत नोंद नाही. नरसिमलूनं चोरून शिक्का दिला, असं ठरलं. त्याला काढून टाकलं.

त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला. उभाच राहिला.

"दादा, तुमारा लकडा मेरे पास आयाच नहीं. तुम बोलो ना उनको."

मी रंधा पुसत होतो. म्हणालो, "आया था, नरसिमलू. तेरे को याद नहीं."

तो बघत राहिला. रागानं नाही — रागानं बघितलं असतं तर बरं. तो आठवायला लागला. माझ्यासमोर उभा राहून कपाळाला हात लावून आठवायला लागला. त्याच्या लेखी मी दादा, मी खोटं बोलणार नाही, म्हणजे त्याचंच काही चुकलं असणार. "हौ दादा, होएंगा," म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो दारात दात घासत होता. माझ्या दुकानात ये कामाला, म्हणालो. त्याची बायको बाहेर आली. दोघं माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.