गिअरबॉक्समधली केळी

संस्थानं विलीन झाली, त्यानंतर एका राजाची जुनी अमेरिकन गाडी मी विकत घेऊन बुऱ्हाणपुरात आणली. चढावर ती धापा टाकायची, म्हणून तीन गिअरांचा बॉक्स काढून लष्करी भंगारातला चार गिअरांचा बसवायचं ठरलं. मिस्त्रीनं जुना बॉक्स उघडला आणि मी दोन पावलं मागंच सरलो. आत तेलात कालवलेल्या केळ्यांचा काळा लगदा! झिजलेल्या दात्यांची घरघर दाबायला कोणीतरी सालीसकट केळी कोंबली होती.

"हा कसला हरामखोरपणा?" मी ओरडलो.

गाडी पोचवायला आलेला राजाचा म्हातारा ड्रायव्हर सकाळपासून उपरण्यानं बॉनेट पुसत होता. माझ्या ओरडण्यानंही त्याचा हात थांबला नाही.

"म्याच टाकली केळी. तुम्हाले फसवाले नाही, शेठ. राजेसाहेब मागं बसत. जरा आवाज झाला की विचारत, काय मोडलं? राज तर गेलंच होतं. अजून काय काय मोडलं म्हणून सांगू?"



नवा बॉक्स बसला. इच्छापूरच्या रस्त्यावर गाडी सुसाट पळाली. पण मी गिअर बदलताना जरा खट्ट झालं की शेजारी बसलेला म्हातारा दचकून मागच्या रिकाम्या सीटकडे बघायचा.