हॉटेलकाकांची वाकडी रोटी

आमच्या गल्लीत कोणी आजारी पडलं तर ते कळायला दोन दिवस लागत, पण हॉटेलकाका बाहेर जेवायला निघाले की ती बातमी शेवटच्या घरापर्यंत तत्काळ जाई. ती ते स्वतःच पोचवत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया आणि स्कूटरला चार लाथा मारता मारता खणखणीत आवाज, "चाल्लो बुवा बाहेर जेवाले! घरचं खाऊ खाऊ जिभेले बुरशी आली!" काकू मागे पदर सावरून खाली मान घालून बसलेल्या. मग स्कूटर धूर सोडत बस स्टँडकडे निघून जाई आणि गल्लीतल्या बायका एकमेकींकडे बघून डोकं हलवत.

काका जंगल खात्याच्या कचेरीत बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क होते. त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं. नव्वदीच्या सुमारास मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्यासारख्या मराठी नोकरदार घरात बाहेर जेवायचं म्हणजे एक तर बस चुकली पाहिजे, नाही तर माणूस दवाखान्यात पाहिजे. हौसेनं कोणी हॉटेलात जात नसे. आणि काका तर आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा जात. कधी स्टँडसमोरची खानावळ, कधी भरवेलीच्या रस्त्यावरचा ढाबा. त्यातून काकू म्हणजे साक्षात अन्नपूर्णा. ओलसर मऊ कणीक दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद टाकायची, ती आमच्याकडची लांब रोटी त्यांच्यासारखी कोणाला येत नसे. मी लहान असताना लग्नघरांतून त्यांना मानानं बोलावणं यायचं. अशी बाई घरात असताना नवऱ्यानं ढाब्यावर जावं, हे आईला पटत नसे. ती तोंडावर बोलायची.

"भाऊजी, ताईच्या हातचं सोडून काहून जाता हो तिकडे?"

"काय करू वहिनी, मी चटोर माणूस. बापानं लहानपणी मारलं असतं तं सुधरलो असतो."

ते मलाही पुष्कळदा बरोबर नेत. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मला ढाब्याच्या दालतडक्याचं वेड. हॉटेलात शिरले की काका मेन्यूकार्डाला हात लावत नसत. "पत्रिका वाचून लग्नातलं जेवण समजते काय?" असं म्हणून ते वाढणाऱ्याला जवळ बोलावत, त्याचं नाव-गाव विचारत आणि मग म्हणत, "भाई, तूने खुद क्या खाया आज?" त्यानं वांग्याची भाजी खाल्ली असेल तर आम्हालाही वांग्याची भाजी. स्वयंपाक्यानं आपल्या माणसाला वाढलेलं कधी शिळं नसतं, हे त्यांचं शास्त्र. जेवून झालं की आत भटारखान्यात जाऊन आचाऱ्याला नमस्कार करत. दौऱ्यावर गेलेला कोणी बिरशाच्या जंगलातून चारोळी घेऊन आला की तिची एक पुडी न चुकता आचाऱ्याकडे जाई.

आणखी एक खोड होती. रोट्या आल्या की ते आधी काकूंच्या ताटातली रोटी उचलत आणि तिचे छोटे छोटे तुकडे करून ताटाच्या कडेला ढीग लावत. तोंडानं मोठमोठ्यानं कचेरीतले किस्से चालू असत. हात खाली काय करतायत याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये इतके रंगवून ते सांगायचे, आणि माझंही जात नसे. मी समजायचे, आहे एक चाळा.

मी अकरावीत असताना एका सकाळी आईनं मला वाटीभर खीर देऊन त्यांच्याकडे पाठवलं. पुढचं दार बंद होतं म्हणून मी मागच्या दारानं गेले. आत काका कमरेला पंचा गुंडाळून परातीत कणीक मळत होते. कपाळापर्यंत पीठ लागलेलं. तव्यावरची पोळी पळसाच्या पानासारखी तिरपागडी झाली होती. काकू पाटावर बसून सांगत होत्या, "पाणी कमी टाका जी, पाणी." त्यांचे हात मांडीवर होते. बोटं आत वळलेली, सांधे सुजलेले. मी ते हात रोज बघत असणार, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

काकूंनी हात झटकन पदराखाली घेतले. काका उठून माझ्यासमोर आले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांचा हळू आवाज ऐकू आला. "पोरी, बाहेर सांगजो नको. हिची साऱ्या गावात हातावरूनच ओळख आहे. हात गेले म्हणतील तं ही घराबाहेर निघणार नाही. मले चटोर म्हणतात, म्हणू दे. माह्यं काय जाते?"

मी खीर ठेवली आणि घरी आले. कोणालाही काही बोलले नाही. पण त्यानंतर काकांनी गल्लीत आरोळी ठोकली की मला हसू येत नसे.

पुढे मी नोकरीला लागले, माझं लग्न ठरलं. मी परकरात होते तेव्हाच काकूंनी मला शब्द दिला होता, "तुह्या मांडवाच्या दिवशी लांब रोटी माह्या हातची." आईनं आमंत्रणाला जाताना त्या शब्दाची आठवण दिली आणि काकू हसून "हौ" म्हणाल्या. काका मात्र दुसऱ्याच दिवशी गोंदियाला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी ते आमच्या अंगणात येऊन जाहीर करते झाले, "वहिनी, मी समुद्र पाहाले चाल्लो! जंगलात जन्म गेला, आता खारी हवा खातो. पोरीले पण नेतो, लग्नाआधी दुनिया पाहून घेऊ दे." खरी गोष्ट अशी की गोंदियाच्या कोणा डॉक्टरनं त्यांना कोकणातल्या एका आरोग्यधामाबद्दल सांगितलं होतं. समुद्राच्या काठावर आठ दिवस तेल, वाफ आणि गरम वाळूचा शेक. बायकांच्या खोलीत काकूंबरोबर जायला त्यांना मी हवी होते, कारण गुपित माझ्याकडेच होतं.

दोन दिवस गाड्या बदलत आम्ही पोचलो. नारळाच्या बागेत कौलारू खोल्या, समोर पांढरी वाळू, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. आमच्यापैकी कोणीच त्याआधी समुद्र पाहिला नव्हता. काकूंनी लांबूनच हात जोडले. काकांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाण्यात उतरले, एक बोट बुडवून जिभेला लावलं आणि निकाल दिला, "बनवलं चांगलं आहे, पण मीठ जरा जास्त पडलं."

पहिल्याच दुपारी घोळ झाला. तिथल्या जेवणघरात लांब टेबलावर सगळे पदार्थ मांडलेले. लोक रांगेत उभे राहून जडशी चिनी मातीची ताटली हातात धरत आणि आपलं आपण वाढून घेत. काकू रांगेत उभ्या राहिल्या आणि ताटलीकडे बघतच राहिल्या. त्यांच्यानं ती धरवली नसती. मागे पुण्याकडचं एक कुटुंब ताटकळत होतं. काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, पुढे होऊन भाताचा डाव उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, "बसा! सगळे बसा! आमच्या बालाघाटात पाहुणा उभा राहून जेवत नाही." आणि पंगतीत वाढावं तसे टेबलाटेबलावर वाढत सुटले. व्यवस्थापक धावत आला. "अहो काका, असं नाही करायचं, इथे ज्यानं त्यानं घ्यायचं असतं." काका त्यालाही म्हणाले, "तू पण बस बेटा, सकाळपासून पायावर आहे." पुणेकर आधी संकोचले, मग हसले, मग त्यांनी आणखी वरण मागितलं. काकूंचं ताट त्या गर्दीत कधी भरलं ते कोणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी तर लोक टेबलाशी बसून काकांची वाट बघू लागले. व्यवस्थापकानं शेवटी त्यांना एक पांढरा टॉवेल आणून दिला, तो ते खांद्यावर टाकत.

तिथल्या जेवणाची चव मला अजून आठवते. सकाळी जाळीदार घावन आणि नारळाचा रस. दुपारी गुलाबी सोलकढी, ती काकांनी पहिल्या घोटाला ओठ मुरडून प्यायली आणि चौथ्या दिवशी तांब्याभर मागून घेतली. संध्याकाळी वाळूत चादर टाकून आम्ही तिघं गरम भजी खात बसायचो आणि काकूंच्या तोंडात भजी जाता जाता काका त्यांना मिरची लागू नये म्हणून ती मोडून बघायचे. आठ दिवस कोणाला चूल नव्हती आणि गल्लीपासून काही लपवायचं नव्हतं. काकू इतक्या मोकळ्या हसताना मी बालाघाटात कधी पाहिल्या नव्हत्या.

शेक घेताना पहिल्या दिवशी काकू मुठी सोडीनात. मालिश करणारी बाई तिथलीच, ठसठशीत कुंकू लावलेली. ती म्हणाली, "वैनी, हात सैल सोडा. तुमी कायएक करू नकात, मी करतंय." काकूंनी हात तिच्या ओंजळीत दिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला म्हणाल्या, "सगळ्यायले खाऊ घालता घालता जन्म गेला, पण माह्ये हात असे कोनं धरलेच नाही पोरी." मग जरा थांबून स्वतःच म्हणाल्या, "नाही, ते धरतात. खोटं काहून बोलू."

निघायच्या आदल्या दिवशी वैद्यांनी काकांना बाजूला घेतलं. मी शेजारीच होते. ते सरळ माणूस होते. म्हणाले, "दुखणं कमी होईल. पण वळलेली बोटं पूर्वीसारखी होतील, असं मी सांगणार नाही." काकांनी त्यांचे आभार मानले. मग पाण्याच्या कडेला जाऊन बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. काकूंनी विचारलं तर म्हणाले, "तं काय, सांगितलं तुले, मीठ जास्त आहे."

मे महिन्यात माझ्या लग्नाचा मांडव उभा राहिला. मागच्या अंगणात चूल पेटवली, मडकं पालथं घातलं. मी काकूंना म्हणाले होते, नका करू, काही बिघडत नाही. त्यांनी ऐकलं नाही. हळदीच्या अंगानं मी दाराशी उभी राहून बघत होते. काका फुंकणीनं जाळ करत शेजारी बसले होते. काकूंनी छोटासाच गोळा घेतला. पूर्वी जो कोपरापर्यंत जायचा तो मनगटापुढे जाईना. एका बाजूला जाड, एका बाजूला भोक, अशी ती रोटी मडक्यावर तिरपी पडली. सासरकडची एक पाहुणी वाकून म्हणाली, "अय्या, त्या प्रसिद्ध काकूंची रोटी ती हीच का?"

काकूंनी मान वर करण्याआधीच काकांनी दोन्ही हात परातीत खुपसले आणि कणकेनं बरबटलेले वर काढून दाखवले. "माह्या हातची आहे हो! पहिलीच आहे, हसू नका! ही शिकवून राह्यली अन् मी बिघडवून राह्यलो!" सगळं अंगण हसलं. काकूही हसल्या. ती रोटी मी कोणाला दिली नाही. नवऱ्यानं मागितली, त्यालाही नाही.

त्या संध्याकाळी मला राहवलं नाही, मी आईला सगळं सांगून टाकलं. आई हळदीचे हात पुसत म्हणाली, "मले काय डोळे नाहीत? दहा वर्षं झाली समजून. साऱ्या गल्लीले माहीत आहे. त्यायले चटोर म्हणवून घ्याचं होतं, म्हणून आम्ही म्हणत होतो. रोटीची आठवणही म्हणूनच दिली, नाही तं ताईले समजलं असतं."

काकू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या गेल्यावर महिन्याभरानं मी नागपूरहून काकांना भेटायला गेले. त्यांच्या घरात करमेना, म्हणून म्हटलं, चला काका, स्टँडसमोर जेवून येऊ. ते आले, पण गल्लीतून निघताना आरोळी नाही, कानात अत्तर नाही. वाढणाऱ्याला त्यांनी काही विचारलं नाही. रोटी आली तशी ती उचलून त्यांनी तुकडे करायला घेतले आणि ताटाच्या कडेला ढीग लावला. मग हात थांबला. मी त्या ढिगातला एक तुकडा उचलून खाल्ला.

"मले हॉटेलचं कधीच आवडलं नाही, पोरी," ते म्हणाले. "तेल फार टाकतात. पण तिच्यासमोर सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तं ती पुन्हा परातीत हात घालती."

आम्ही तसेच उठून घरी आलो. काकांनी वरण-भाताचा कुकर लावला, कमरेला पंचा गुंडाळला आणि परात पुढे ओढली. पाणी बेतानं टाकलं. पहिली पोळी तव्यावर पडली ती पुरती गोल होती. ती फुगेपर्यंत ते बघत राहिले आणि मग भिंतीशी ठेवलेल्या रिकाम्या पाटाकडे वळून म्हणाले, "पाह्य."